हाताने घडवलेला जयभीम

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सकाळी हल्ली काय होते, ते आपण सारेच पाहतो. मोबाईल उघडावा तर पन्नास-साठ संदेश येऊन पडलेले असतात. त्यात एकच चित्र सात जणांनी पाठवलेले. चित्र कोणी काढले ते पाठवणाऱ्याला माहीत नाही, आणि पाहणाराही बोटाने ते वर सरकवून पुढे जातो. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. दूर राहणाऱ्या माणसाने सणाच्या दिवशी आपली आठवण काढली, हे काय थोडे आहे? पण संध्याकाळी त्यातला एकही संदेश आठवत नाही, हेही तितकेच खरे.

त्याआधी ग्रीटिंग कार्डांचा जमाना होता. शाळेजवळच्या दुकानात दोरीला चिमटे लावून कार्डे टांगलेली असत. दिवाळीची, नाताळची, नव्या वर्षाची, वाढदिवसाची. आपल्या सणाचे कार्ड मागितले की दुकानदार मान हलवी. चौदा एप्रिलला कोट्यवधी माणसे एकमेकांना शुभेच्छा देतात, पण त्या दोरीवर त्या दिवसासाठी एक चिमटा नसे. मग आपली मुले गुलाबाच्या फुलाचे कोरे कार्ड आणीत आणि आत शाईपेनाने 'जयभीम' लिहीत. आज ती दुकानेही कमी झाली. तेव्हा कार्ड आपणच करावे, घरातल्या वस्तूंनी करावे, असे आमच्या वस्तीच्या विहारात ठरले. तीन रविवार आम्ही बायका आणि मुले मिळून बसलो. त्या तीन रविवारांत काय केले, काय बिघडले आणि काय साधले, ते वाचक बंधू-भगिनींसाठी येथे सांगत आहोत.

अभिवादन ही साधी गोष्ट नव्हे

कोणी म्हणेल, कागद कापायचा नि रंग फासायचा, त्यात एवढे काय? म्हणून आधी थोडे मागे जाऊ. आपल्या आज्या-पणज्यांना गावात अभिवादन करण्याचीही बरोबरी नव्हती. इतरांनी एकमेकांना रामराम घालावा आणि आपल्या माणसाने लांब उभे राहून, कमरेत वाकून 'जोहार' म्हणावे, अशी रीत होती. बाबासाहेबांच्या चळवळीने माणूस ताठ उभा केला, तेव्हा त्याच्या तोंडी अभिवादनही नवे आले. 'जयभीम' रूढ करण्याचे श्रेय कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास यांना दिले जाते. मुंबईच्या गिरणीतून, रेल्वेच्या क्वार्टरातून, लष्कराच्या छावणीतून गावी पत्रे जाऊ लागली, त्यांच्या माथ्यावर 'सप्रेम जयभीम' असे. ज्यांना वाचता येत नव्हते ते दुसऱ्याकडून पत्र वाचून घेत, पण पहिले दोन शब्द त्यांना न वाचताच कळत.

आपले शुभेच्छापत्र हे त्या 'सप्रेम जयभीम'चेच पुढचे पाऊल आहे. ते विकतचे नसले तरी चालेल, पण उसने नसावे.

चित्र कशाचे असावे?

पहिल्या रविवारी बहुतेक मुलांनी वर्तमानपत्रातून बाबासाहेबांचे आणि तथागतांचे फोटो कापून आणले होते. भाव चांगला, पण आम्ही त्यांना थांबवले. कार्डाला घडी असते. ती घडी चेहऱ्यावर येते. पुढे कार्ड जुने होते, रद्दीत जाते, कधी पायाखाली येते. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेले फोटो उचलताना आपल्या जिवाला काय वाटते, ते सांगायला नको. म्हणून चेहरा नको, चिन्ह घ्यावे.

आणि ही काही नवी युक्ती नव्हे. सांचीच्या स्तूपाची तोरणे पाहा. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास ती कोरली गेली. त्यांवर तथागतांच्या जीवनातले प्रसंग आहेत, पण तथागतांची मूर्ती नाही. जेथे तथागत आहेत तेथे बोधिवृक्ष आहे, धम्मचक्र आहे, रिकामे आसन आहे, पावलांचे ठसे आहेत. पाहणाऱ्याने ओळखायचे. आपल्या कार्डालाही तेवढे पुरते: पिंपळाचे पान, चक्र, पुस्तक, पेन, उगवता सूर्य, पंचरंगी धम्मध्वजाचे पट्टे. पाच वर्षांचे मूलही हे काढू शकते.

आम्ही निवडले ते असे: निळी पार्श्वभूमी, त्यावर पांढरे चक्र, कडेला कापडाचे पाच रंगांचे तुकडे धावदोऱ्याने शिवलेले, आणि वर पिंपळाचे जाळीदार पान. रंग, मेण, कापड, दोरा, पान आणि कागद एकाच कार्डावर. हल्ली याला मिक्स मीडिया म्हणतात. आपल्या मुलांनी तो शब्द शाळेच्या चित्रकलेच्या तासाला ऐकला असेल. पण अजिंठ्याच्या भिंती करणाऱ्यांनी तरी दुसरे काय केले? चिखलात भाताचा कोंडा, गवत आणि झाडांचे तंतू मळून तो खडकावर लिंपला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ यांनी चित्रे काढली. हाताशी जे होते ते एकमेकांत असे बसवले की ते दीड हजार वर्षे टिकले.

साहित्य

कार्डशीट २२ इंच बाय २८ इंचांची मिळते. तिचे १० बाय ७ इंचांचे आठ तुकडे निघतात: २२ इंचांच्या बाजूने दहा-दहाचे दोन आणि २८ इंचांच्या बाजूने सात-सातचे चार. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की ५ बाय ७ इंचांचे कार्ड तयार. कार्डशीट आणायची नसेल तर जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू उत्तम. तो कागद जाड असतो आणि रंग चांगला पेलतो. मात्र पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत असेल तर पाण्याचा रंग बसत नाही, ओघळतो. अशी पत्रिका पाकिटासाठी ठेवावी.

याशिवाय लागेल ते सारे घरात आहे: पांढरी मेणबत्ती, निळीची पूड, थोडा डिंक, गेरू, जुना दात घासायचा ब्रश, कंगवा, बांगडी, कात्री, सुई, निळा दोरा, कापडाच्या चिंध्या, मैदा, तुरटी, रद्दी वर्तमानपत्रे आणि वजनासाठी जाड पुस्तके.

पिंपळपान महिनाभर आधी

जाळीदार पान एका दिवसात होत नाही. म्हणून सणाच्या महिना-सव्वा महिना आधी कामाला लागावे. विहारातल्या बोधिवृक्षाची पाने ओरबाडू नयेत. खाली पडलेली, पण अजून लवचीक असलेली, न फाटलेली पाने वेचावीत. कोवळी तांबूस पाने उपयोगाची नाहीत, त्यांच्या शिरा कुजून जातात. पाने जुन्या बादलीत पाण्यात बुडवावीत आणि वर दगड ठेवावा. बादलीचे तोंड कापडाने घट्ट बांधावे. हे विसरू नका. उघड्या पाण्यात डासांची पैदास होते आणि कार्डाऐवजी घरात डेंगी यायचा. तीन-चार आठवड्यांत पानाचा हिरवा गर कुजून सुटतो. वास येतो, म्हणून बादली दाराबाहेर ठेवावी. मग पान तळहातावर घेऊन वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने हलकेच चोळावे. गर निघून जातो आणि शिरांची जाळी उरते. ती वर्तमानपत्राच्या दोन पानांत ठेवून पुस्तकाखाली दाबावी.

घाई असेल तर दुसरा उपाय आहे. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून पाने मंद आचेवर तास-दीड तास उकळावीत. भांडे स्टीलचे घ्यावे, ॲल्युमिनियमचे घेतल्यास सोडा ते खातो. ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. हे काम मोठ्यांनीच करावे. सोड्याचे पाणी हाताला आणि डोळ्यांना लागू देऊ नये, पाने भरपूर पाण्याने धुऊन मगच मुलांच्या हाती द्यावीत.

आमच्या पहिल्या वीस पानांपैकी अकरा फाटली. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. फाटलेल्या पानाचा ठसा घेता येतो: पान कागदाखाली ठेवून वरून मेणखडू आडवा घासला की शिरान् शिरा कागदावर उमटते.

चक्र कसे पाडावे?

धम्मचक्राला आठ आरे, आर्य अष्टांगिक मार्गाचे. अशोकचक्राला चोवीस. आठ आरे सोपे आहेत. कागदावर बांगडी ठेवून वर्तुळ काढावे, कापावे, आणि तीनदा निम्मे-निम्मे दुमडावे. उघडले की मध्यातून निघालेल्या आठ रेषा दिसतात. चोवीस आऱ्यांना कोनमापक लागतो असे मुलांना वाटले. लागत नाही. वर्तुळ एकदा निम्मे दुमडावे. त्या अर्धवर्तुळाचे मध्यबिंदूपासून तीन सारखे भाग करून पंख्यासारखे दुमडावेत. मग ते सारे मिळून पुन्हा निम्मे, आणि आणखी एकदा निम्मे. उघडल्यावर चोवीस रेषा. दोनाचे सहा, सहाचे बारा, बाराचे चोवीस. कठीण आहे ती तीन सारख्या भागांची घडी. ती जमली की सारे जमले.

हे घडीचे वर्तुळ कार्डावर ठेवून प्रत्येक रेषेच्या टोकाशी पेन्सिलीने बारीक खूण करावी. मग वर्तुळ काढून घ्यावे आणि खुणा पाहून मेणबत्तीच्या टोकाने आरे ओढावेत. दाबून ओढावेत. पांढऱ्यावर पांढरे, म्हणून काही दिसत नाही. मुले म्हणू लागली, ताई, हे तर काहीच उमटले नाही. आम्ही म्हटले, थांबा.

निळीचा हात

अर्धी वाटी पाण्यात चमचाभर निळीची पूड आणि भिजवून गाळलेला थोडा डिंक कालवावा. डिंक नसेल तर रंग वाळल्यावर बोटाला लागतो. कार्ड आधी मागच्या बाजूने ओल्या फडक्याने हलके पुसावे, म्हणजे ते एकाच बाजूला आकसून वाकडे होत नाही. मग रुंद ब्रशने किंवा कापसाच्या बोळ्याने निळा हात एकाच दिशेने फिरवावा. मेण पाणी धरत नाही. जेथे मेण आहे तेथे कागद पांढराच राहतो, आणि निळ्या पाण्यातून चक्र वर येते. त्या क्षणी विहारात जो गलका झाला, तो ऐकायला हवा होता.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अजिंठ्यातल्या काही चित्रांमध्ये जो गडद निळा रंग दिसतो, तो राजावर्त नावाच्या दगडाचा आहे. तो दगड आजच्या अफगाणिस्तानच्या मुलखातून येत असे आणि फार महाग पडे. एकोणिसाव्या शतकात युरोपात तोच रंग कारखान्यात तयार करण्याची रीत सापडली, आणि मग तो इतका स्वस्त झाला की कपडे धुण्याच्या निळीतही आला. एके काळी दूरदेशाहून मोलाने आणावा लागणारा रंग आपल्या मोरीतल्या डबीत येऊन बसला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जमलेल्या लाखो माणसांच्या अंगावर पांढरे कपडे होते. पांढऱ्या लुगड्याला नीळ देणाऱ्या आपल्या आयांचे हात त्या रंगाला चांगले ओळखतात.

बाटलीतली पातळ नीळही चालते, पण ती जांभळट उमटते आणि उन्हात विटते. हळदीचा पिवळाही उन्हात उडून जातो. गेरू मात्र जात नाही. म्हणून उगवतीची लाली हवी असेल तर गेरू पाण्यात कालवून त्यात ब्रश बुडवावा, झटकावा आणि कंगव्यावर घासावा. बारीक तुषार उडतात. जेथे तुषार नकोत तेथे वर्तमानपत्राचा तुकडा झाकावा.

कार्ड पूर्ण वाळेपर्यंत पुढचे काम करू नये. ओल्या कागदावर सुई मारली की तो फाटतो. आमच्या घाईने तीन कार्डे अशी गेली.

गोधडीचा टाका

धम्मध्वज १८८५ साली श्रीलंकेत कोलंबोला तयार झाला. त्याचे रंग डावीकडून निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे आहेत. शेवटच्या सहाव्या पट्ट्यात हे पाचही रंग एकाखाली एक येतात. चिंध्यांतून हे पाच रंग शोधायचे काम मुलांना द्यावे. एका आजीच्या गाठोड्यात चार रंग सापडले. केशरी मिळेना, तेव्हा पांढऱ्या चिंधीला गेरू आणि हळद लावून तो केला.

पाऊण इंच रुंद, दीड इंच लांब असे तुकडे कापावेत. कडेला खळीचे बोट फिरवले की दोरे सुटत नाहीत. तुकडे कार्डाच्या डाव्या कडेला ओळीने चिकटवावेत. मग कार्ड उघडून घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर ठेवावे आणि सुईने आधी भोके पाडून घ्यावीत, एकमेकांपासून पाव इंचावर. फार जवळ पाडली तर कागद तिकिटासारखा फाटतो. त्या भोकांतून निळा दोरा धावदोऱ्याने घ्यावा. गोधडीला घालतो तोच टाका. येथे आज्या सगळ्यांच्या पुढे होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीने नववीतल्या नातीला दोरा कसा ताणू नये ते शिकवले, आणि नातीने आजीला कार्डावर 'जयभीम' लिहायला.

खळीसाठी एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी घ्यावे. आधी थोड्या गार पाण्यात मैदा गुठळी न राहता कालवावा, मग उरलेले पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. खळ चकाकू लागली की उतरवावी आणि चिमूटभर तुरटी घालावी. ती दोन-तीन दिवस टिकते. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. तो विषारी आहे. मुले असतील तेथे वापरू नये.

शेवटी जाळीदार पान. खळ पाण्यासारखी पातळ करावी आणि पानाला न लावता कार्डावर पान बसेल तेवढ्याच जागी लावावी. पान अलगद ठेवून वर कोरा कागद आणि पुस्तके ठेवावीत. रात्रभर हलवू नये. सकाळी पानातून मागचे चक्र दिसते.

आमच्याकडून झालेली चूक

कार्डाची कृती येथे जवळजवळ संपली. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आमच्या वस्तीतली एक बाई कचरा वेचायला जाते. पहाटे निघते, दुपारी परतते. कार्डांसाठी कागद हवा असे तिच्या कानावर गेले. पहिल्या रविवारी ती लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आली. एकेक पत्रिका फडक्याने पुसलेली, गादीखाली ठेवून सरळ केलेली. म्हणाली, "ताई, हे चालत्यात का बघा. लगीनसराईत लई पडत्यात." आम्हाला फार आनंद झाला. आम्ही गठ्ठा उंच धरून साऱ्यांना सांगितले की बघा, या बाईंनी कचऱ्यातून आपल्यासाठी किती सुंदर कागद वेचून आणला. टाळ्याही वाजवायला लावल्या.

त्या बाईची मुलगी सातवीत आहे. ती तेथेच बसली होती. आम्ही कौतुक करायला गेलो आणि पोरीला चारचौघांत उघडे पाडले. वर्गातल्या मैत्रिणींना तिने आई काय काम करते ते सांगितलेले नव्हते. त्या दिवशी सगळ्या मुलांनी त्या गठ्ठ्यातून कागद घेतले. तिने घेतला नाही. दुकानातून कोरी कार्डशीट आणली आणि कोपऱ्यात बसून काम केले. तीन सारख्या भागांची घडी पहिल्या झटक्यात जमली ती तिलाच, आणि तिचे चोवीस आऱ्यांचे चक्र साऱ्यांत नेटके होते. पण ती बोलली नाही, आणि आम्ही पाहिले की कोणीतरी तिला हसून काही विचारत होते.

चूक आमची होती. ज्या कामाला समाजाने तोंड वाकडे करावे, त्या कामाची लाज लेकराला वाटू नये असे आपण भाषणात म्हणतो. पण टाळ्या वाजवून लाज जात नाही. आम्ही काही न बोलता आठवडाभर विचार केला.

दुसऱ्या रविवारी आम्ही मुलांना कार्ल्याच्या लेण्याची गोष्ट सांगितली. लोणावळ्याजवळचे ते चैत्यगृह सारे जग पाहायला येते. त्याच्या दारावर एक छोटा लेख कोरलेला आहे: हे दार धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने केले. जवळजवळ दोन हजार वर्षे झाली, त्या सुताराचे नाव तेथे आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावरही लेख आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी केले. सांचीला शेकडो दानलेख आहेत. त्यांत भिक्खुणी आहेत, गृहिणी आहेत, विणकर आहेत. ज्याने जे दिले आणि ज्याने जे केले, ते दगडावर लिहून ठेवण्याची आपली परंपरा आहे. धन कोणाचे, हात कोणाचे, दोन्ही लिहीत.

मग आम्ही म्हटले, आपणही कार्डाच्या मागे तसेच लिहू. कोणती वस्तू कोणाची, एवढेच. ज्याला लिहायचे त्याने लिहावे, नको असेल त्याने कोरे ठेवावे. मुलांनी लिहिले: कापड आजीच्या लुगड्याचे. पान विहाराच्या झाडाचे. बांगडी काकूची. नीळ शेजारच्या मावशीकडची. दोरा दादाच्या शिवणयंत्राचा. एकाने लिहिले, खळ मी केली, करपली होती.

त्या मुलीने मागची बाजू कोरी ठेवली. आम्ही काही विचारले नाही.

आत काय लिहावे?

तिसरा रविवार लिहिण्याचा. येथे एक सूचना. थेट कार्डावर लिहू नये; चूक झाली तर आठवड्याचे काम वाया जाते. पावणेपाच बाय पावणेसात इंचांचा वेगळा पांढरा कागद घ्यावा, त्यावर लिहावे, आणि मग तो आतल्या डाव्या पानावर चिकटवावा. शिवणाच्या मागचे दोरेही त्याखाली झाकले जातात.

मजकूर तयार छापाचा नको. 'हार्दिक शुभेच्छा' तर मोबाईलही देतो. माथ्यावर सप्रेम जयभीम लिहावे, तारीख घालावी, आणि खाली त्या माणसाला उद्देशून दोन खरी वाक्ये. तुम्ही गेल्या वर्षी फीचे पैसे पाठवले म्हणून माझे वर्ष वाचले. आत्या, तू आली नाहीस, वाट पाहिली. मामा, भांडण झाले ते झाले, या वर्षी दीक्षाभूमीला बरोबर जाऊ. असे एक वाक्य लिहायला कठीण जाते, आणि तेच राहते. आमच्या एका भगिनीने चार वर्षे न बोललेल्या जावेला कार्ड पाठवले. उत्तर काय आले, ते तिचे तिच्याजवळ.

पाकीट सव्वापाच बाय सव्वासात इंचांचे करावे. कापड आणि पान यांमुळे कार्ड जाड होते, म्हणून टपालात टाकण्याआधी पोस्टात वजन करून घ्यावे आणि लागेल तेवढे तिकीट लावावे. कमी तिकिटाचे पत्र घेणाऱ्याला भुर्दंड देते.

त्या रविवारी निघायच्या वेळी ती मुलगी थांबली. उरलेल्या गठ्ठ्यातून एक चकचकीत लग्नपत्रिका तिने मागून घेतली आणि तिचे पाकीट केले. घडी अशी घातली की सोनेरी नक्षी बाहेर आली. कार्ड पाकिटात घालून ती घरी गेली. कोणासाठी आहे, तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

चार दिवसांनी तिची आई दुपारची आमच्या दाराशी आली. कामावरून तशीच आली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ते पाकीट. रात्रीच्या साक्षरता वर्गात ती अक्षरे शिकली आहे, पण जोडून लिहिलेले तिला वाचता येत नाही. म्हणाली, "पोरीनं दिलंय. आतलं वाचलं म्या, जयभीम हाय नि तारीख हाय. मागं काय लिवलंय ते वाचा. तिला म्हणलं तर ती वाचंना."

आम्ही कार्ड उलटून पाहिले. पेन्सिलीने बारीक लिहिले होते. आम्ही वाचून दाखवले: "पाकिटाचा कागद आईने आणला."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने कार्ड परत घेतले, पाकिटात घातले, पाकीट पिशवीत घातले आणि पिशवीला गाठ मारली. "पावसात भिजंल म्हणून पिशवीत ठिवलंय," म्हणाली, आणि निघाली.

वाचक बंधू-भगिनींनो, पुढच्या सणाला अजून वेळ असेल तर आजच चार पाने भिजत घाला. वेळ नसेल तर पान सोडा. मेणबत्ती आणि नीळ तर घरात आहे. एक कार्ड करा, एकाच माणसासाठी करा, आणि मागे लिहायला विसरू नका की कोणत्या हाताने काय दिले.

सर्वांना सप्रेम जयभीम!